पडद्याची बायकांकडची बाजू

१

सोलापुरात वेशीबाहेर पत्र्याचं एक थेटर होतं. तिथं सिनेमा दोन्ही बाजूंनी बघत. मधोमध मोठा पांढरा कपडा ताणलेला असायचा. पुढच्या बाजूला बाकांवर पुरुष, मागच्या बाजूला गोणपाटावर बायका. मशीन पुरुषांकडं. प्रकाश कपड्यातून आरपार यावा म्हणून चंद्रव्वा नावाची म्हातारी खेळाआधी आमच्या बाजूनं त्यावर पाणी मारायची. मग आम्हालाही चित्र दिसायचं, पण उलटं. राजाची तलवार डाव्या हातात, राणी कुंकू लावायची ते डाव्या हातानं, आणि मधेमधे येणारी अक्षरं आरशात बघावीत तशी. ती अक्षरं पलीकडं रावजी नावाचा माणूस मोठ्यानं वाचायचा आणि आम्ही ऐकायचो.

बोलपट यायच्या आधीची, एकोणीसशे अठ्ठावीसच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. मी शिवम्मा. तेव्हा तिशी ओलांडली होती. लग्नानंतर थोड्याच महिन्यांत नवरा प्लेगात गेला आणि मी बाळीवेशीत थोरल्या भावाच्या घरी परत आले. भाऊ गुरुबसप्पा, त्याला मी अण्णा म्हणायची. कापडाचं दुकान होतं त्याचं, आणि थेटरात हिस्साही होता. म्हणून चित्र बदललं की त्याची बायको नागम्मा आणि मी, दोघी जायचो. चित्र आवडलं तर तेच पुन्हा बघायलाही जायचो.

नागम्मा सिनेमासाठी जायची. मी बिरप्पासाठी.

मशीनचं हँडल फिरवणारा बिरप्पा जेऊरकडचा धनगर होता. नऊ वर्षांपूर्वी घोंगड्या घेऊन तो अण्णाच्या दुकानी आला. अण्णानं घोंगडी जाडीभरडी आहे म्हणून नाक मुरडलं. बिरप्पा म्हणाला, आत उभ्या आहेत त्या बाईंना हात लावून बघू दे, मग बोला. मी पुढं होऊन हात लावला. एवढंच झालं. पण तो गावी परत गेला नाही, थेटरात कामाला लागला. गड्ड्याच्या जत्रेतल्या गर्दीत नाहीतर थेटरामागच्या हौदापाशी आम्ही कधीमधी भेटायचो, तेही चार शब्दांपुरतं. बाकीचे सगळे दिवस हा कपडाच मधे. चित्रात दोन जिवाभावाची माणसं भेटली की तो हँडल जरा हळू फिरवायचा. माणसं पाण्यातून चालल्यासारखी चालायला लागायची. पुरुष ओरडायचे, रावजी शिव्या घालायचा. मला कळायचं, तो माझ्याशी बोलतोय.

नऊ वर्षं कुणाला पत्ता लागला नाही. मला त्याचा अभिमान वाटायचा.

त्या आठवड्यात नवीन चित्र लागलं. देशमुखाची मुलगी आणि वाड्याच्या पहाऱ्यावरचा शिपाई, दोघांनी वर्षानुवर्षं लपवलेलं प्रेम. शेवटी बापाला कळतं, मुलगी बापाचे पाय धरते आणि त्यानं ठरवलेल्या नवऱ्यासमोर मान खाली घालून उभी राहते. बायका हुंदके देत होत्या. त्याआधी एका प्रसंगात दोघं मागच्या दारापाशी भेटतात. तिथं बिरप्पाचा हात हळू झाला. मी हसू दाबून बघत होते, आणि मला दिसलं की त्यांच्या मागं, दारात, आणखी कुणीतरी उभं आहे.

एक बाई होती. इरकली लुगडं नेसलेली, मान खाली घातलेली. मला वाटलं, असेल वाड्यातली कुणी कामवाली.

२

दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मला एकदम खटकलं. आमच्या बाजूनं सगळं उलटं दिसतं. देशमुखाच्या मुलीचा पदर उजव्या खांद्यावर होता, तिच्या आईचा, दासींचाही. दारातल्या त्या बाईचा पदर मात्र डाव्या खांद्यावर होता. माझ्यासारखा.

मी स्वतःची समजूत घातली. गुजराती बायका पदर उजव्या खांद्यावर घेतात, उलट्या चित्रात तो डावीकडं दिसणार. पण गुजराती बाई इरकली कशाला नेसेल? मग म्हटलं, सिनेमावाल्यांना काय कळतंय, कुणालाही काहीही नेसवत असतील. तवा तापून भाकरी करपली तरी मी तोच विचार करत होते.

दुपारी फुलं आणायच्या निमित्तानं निघाले आणि हौदाकडं गेले. बिरप्पा बादलीनं पाणी काढत होता. मी त्याला त्या बाईबद्दल विचारलं. तो म्हणाला, त्या दारात कुणी नाही. हे चित्र तो रोज मशीनपाशी उभा राहून बघतोय, दोन माणसं आणि मागं उघडं दार, बस. मला पटेना. तेव्हा तो आत गेला आणि फिल्मचा एक तुकडा घेऊन आला. तुटलेली पट्टी जोडताना त्या प्रसंगातला एवढा भाग निघाला होता. मी तो उन्हात धरला. नखाएवढे चौकोन, प्रत्येकात दोन माणसं, मागं दार. दारात काळोख. कुणीही नव्हतं.

"तुझा जीव थकलाय," तो म्हणाला. "नऊ वरसं चोरून बघायचं, चोरून हसायचं. मग असं कायबाय दिसतंय." मग नेहमीसारखं म्हणाला, "जेऊरला चल की. बारकं घर हाय, मेंढरं हायत. भूक लागू देणार न्हाय."

मीही नेहमीसारखंच उत्तर दिलं. हे चाललंय ते बरं चाललंय, कुणाला दुखवायला नको, अण्णाचं नाव आहे गावात.  बिरप्पानं माझ्या ओंजळीत हौदाचं पाणी ओतलं, मी तोंड धुतलं आणि घरी आले.

३

त्याच आठवड्यात जेवताना अण्णानं सांगितलं की अक्कलकोटच्या वीरभद्रप्पांशी माझा पाट लावायचं ठरलंय. त्यांची बायको वारली होती, मुलं मोठी होती, घरात बाई हवी होती. आमच्यात विधवेचा पाट लागतो, त्यात वावगं काही नव्हतं. अण्णानं सांगितलं ते कापडाचे गठ्ठे कधी येणार हे सांगावं तसं.

मी नाही म्हणाले.

त्यानं कारण विचारलं. मी कारण दिलं नाही, परत नाही म्हणाले. मला वाटलं, तो ताट भिरकावेल. तो शांतपणे जेवत राहिला आणि मग म्हणाला, "ह्या घरात ह्याच्या आदी एकीनंच न्हाय म्हटलं होतं."

नागम्मा वाढत होती. तिचा हात ताटावर तसाच थांबला.

ती एकटी कोण, हे त्यानं सांगितलं नाही. पण आमच्या घरात एक सिद्धम्मा अत्ते होती, वडिलांची बहीण. ती श्रीशैलच्या यात्रेला गेली आणि तिकडंच राहिली असं सांगत. मी तेव्हा पाळण्यात होते, अण्णा आठ-नऊ वर्षांचा. कुणाबरोबर गेली, पुढं तिचं काय झालं, हे कुणी बोलत नसे. तिचा एक फोटोही नव्हता घरात. कुणी विचारलं तर आई लगेच काहीतरी काम सांगायची.

दोन दिवसांनी नागम्माला तेच चित्र पुन्हा बघायचं होतं. त्या संध्याकाळी हौद आटला होता, पखालवाला यायला उशीर होता, म्हणून चंद्रव्वानं कपड्यावर पाणी कमी मारलं. चित्र अंधुक दिसत होतं, कडेला तर काहीच नव्हतं. मला बरंच वाटलं. मग तो दाराचा प्रसंग आला.

ती बाई आता दारात नव्हती. दारातून आत आली होती. देशमुखाची मुलगी आणि शिपाई तिच्या मागं पडले होते, आणि ती त्यांच्याकडं बघतही नव्हती. ती आमच्याकडं, बायकांकडं तोंड करून उभी होती. मान खालीच. बाकी चित्र अंधुक होतं, ती तेवढी स्वच्छ दिसत होती, लुगड्याच्या काठासकट. लुगडं अंगाला चिकटलं होतं.

मी नागम्माला विचारलं, ती मधे उभी आहे ती कोण. नागम्मा म्हणाली, कुठं, मधे कुणी नाही. पण माझ्या डाव्या हाताला बसलेली एक तेलगू विणकरीण माझ्याकडं बघायला लागली आणि तिनं आपल्या पोरीला मांडीवर ओढून घेतलं.

खेळ संपल्यावर बायका उठून गेल्या. मी कपड्याजवळ गेले. ती उभी होती तिथं हात लावला. आजूबाजूचा कपडा कोरडा ठणठणीत होता, तिथं मात्र ओला. खालच्या मातीत चिखल झाला होता. चंद्रव्वा गोणपाट गोळा करत होती. तिला मी म्हटलं, पाणी नाही म्हणत होतीस, मग इथं एवढं कुठून आलं?

तिनं माझ्याकडं बघितलं नाही. "तितं मी पाणी मारत न्हाय," ती म्हणाली. "तेवढी जागा ह्या उन्हाळ्यात वाळलीच न्हाय."

४

घरी गेल्यावर मी पुष्कळ विचार केला. थेटर जुनं, वरचा पत्रा फुटका, कुठून तरी ओल येत असेल. पण पाऊस नव्हता, हौद आटला होता. बरं, मला दिसतं ते मनाचे खेळ असतील, तर चिखल कुणाच्या मनाचा? मला भीती वाटत होती, ती मी नाकारत नाही. पण भीतीच्या खाली आणखी काहीतरी होतं. ती बाई मला भिववायला आल्यासारखी वाटत नव्हती. बंद खोलीत बराच वेळ बसलेलं माणूस दार वाजवतं ना, तसं वाटत होतं.

अण्णा अचानक गोड बोलायला लागला. पाटाची घाई नाही म्हणाला. एकदा अक्कलकोटला जाऊन माणसं तर बघून ये, नाही आवडली तर विषय संपला. मी हो म्हणाले. तो म्हणाला, आज संध्याकाळी सिनेमा बघून घ्या, तिथूनच गाडी निघेल, उन्हातनं जायला नको. नोकर निंगप्पा बैलगाडी घेऊन येईल.

थेटरात बसल्यावर मला कपड्यातून पलीकडं अण्णाच्या पागोट्याची सावली दिसली. तो सिनेमाला कधी येत नसे. त्याच्या शेजारी निंगप्पा बसला होता.

खेळ सुरू झाला. नागम्मानं माझं मनगट धरलं. तिचा हात गार पडला होता. आम्ही बायका आपापसात कानडी बोलायचो. ती कानडीत, पडद्याकडं बघतच, बोलायला लागली. कुणीतरी मला हौदापाशी बिरप्पाशी बोलताना बघितलं होतं आणि अण्णाला सांगितलं होतं. आज दुपारी अण्णा निंगप्पाला समजावत होता, ते तिनं माजघरातून ऐकलं. गाडी आधी शेताकडं घ्यायची, विहिरीपाशी थांबवायची, आणि मग निंगप्पानं एकट्यानं बैलं घेऊन परत यायचं.

"अक्कलकोटची वाट शेताकडनं जात नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "मी ह्या घरात आले तेव्हापासून त्या विहिरीचं पाणी कुणी पीत नाही. का, ते मी कधी विचारलं नाही."

 मला हसू यायला लागलं होतं, आणि ते कसलं हसू होतं ते मला कळत नव्हतं. नऊ वर्षं मी सगळ्यांना सांभाळत होते. अण्णाचं नाव सांभाळत होते.

तेवढ्यात दाराचा प्रसंग आला आणि बिरप्पाचा हात हळू झाला. त्याला काही ठाऊक नव्हतं. त्याच्यापासून चार हातांवर अण्णा बसला होता.

त्या दिवशी दार दिसलंच नाही. ती दिसली. पूर्ण कपडाभर, मी बसले होते तिच्या अगदी समोर. तिनं मान वर केली. केस ओले, गालांवर चिकटलेले. चेहरा आमच्या घरातला होता, तो मी कुठंही ओळखला असता. ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण शब्द कानडी होता. होगु, म्हणजे जा. की होगब्याड, जाऊ नकोस? दोन्ही शब्दांना सुरुवातीला ओठ सारखेच होतात, आणि पुढचं मला दिसायच्या आत तिनं हात उचलला.

कपडा आमच्या बाजूला फुगला. पाच बोटं स्पष्ट उमटली. विणकरणीची पोर रडायला लागली. नागम्मानं माझं मनगट सोडलं, म्हणजे तिनंही ते बघितलं असणार.

जा म्हणत असो की जाऊ नको, मी ठरवलं की आता कुणाच्या सांगण्यानं काही करायचं नाही. मी उठले, पुढं गेले आणि त्या हातावर हात ठेवला. गार होता, पण त्यात जोर होता. कापडाचे दोन पन्हे जोडून तो पडदा शिवलेला होता. ती शिवण टाका टाका करत वरपर्यंत उसवत गेली. मी उसवली की पलीकडून कुणी, ते मला आजही सांगता येणार नाही.

मी त्यातून पलीकडं गेले.

५

प्रकाश डोळ्यांवर आला आणि मला काहीच दिसेना. पुढं फक्त काळोख होता आणि त्यात शेकडो माणसं. कुणी ओरडलं नाही. त्यांना वाटलं असेल, सिनेमातलीच कुणी बाहेर आली. माझ्या अंगावर, लुगड्यावर चित्र हलत होतं. रावजी अर्ध्या वाक्यात थांबला.

मशीन चालूच होतं. ते थांबवलं तर दिव्याच्या धगीनं पट्टी पेटते, हे बिरप्पानंच मला सांगितलं होतं. म्हणून तो हँडल सोडू शकत नव्हता. पण हात इतका हळू झाला होता की माझ्या अंगावरची माणसं जवळजवळ उभी राहिली होती.

अण्णा उठला. निंगप्पाही उठला, पण अण्णानं त्याला हातानं थांबवलं. प्रकाशात त्याचं तोंड मला दिसत होतं. तो माझ्याकडं बघत नव्हता. माझ्या डाव्या बाजूला, जरा मागं बघत होता.

"सिद्धम्मा अत्ते," तो म्हणाला. आवाज लहान पोराचा होता. "मी कुणाला सांगितलं न्हाय, अत्ते."

मला मागं बघायचं होतं. मी बघितलं नाही. बघितलं असतं तर पाय तिथंच राहिले असते. मी बाकांच्या मधून चालत मशीनपाशी गेले. माझ्या चालण्याबरोबर आणखी कुणाचं चालणं ऐकू येतंय असं मला वाटलं, ते कदाचित माझ्याच पैंजणांचं असेल. पण माझ्या पायात पैंजण नव्हते. विधवेच्या पायात कुठून असणार?

"बिरप्पा," मी म्हटलं, "दिवा झाक. आपण निघालोय."

त्यानं दिव्यावर पत्रा ओढला आणि हँडल सोडलं. थेटरात मिट्ट काळोख झाला. मग मी आयुष्यात पहिल्यांदा पुरुषांच्या बाजूला, मोठ्यानं बोलले.

"मी शिवम्मा. गुरुबसप्पाची बहीण. हा बिरप्पा. नऊ वरसं आमी एकमेकांचे हाओत. आता ह्याच्या घरी चाललेय. आज रातच्याला मी विहिरीत सापडले, तर कुणी टाकली ते तुमा समद्यांना ठाऊक हाय."

कुणीतरी दारावरचा पडदा बाजूला सारला, बाहेरच्या कंदिलाचा उजेड आत आला. तेव्हा मला दिसलं की उसवलेल्या कपड्यातून बायका येत होत्या. पुढं नागम्मा, मागं ती विणकरीण पोरीला कडेवर घेऊन, मग आणखी, आणि शेवटी चंद्रव्वा. त्या येऊन निंगप्पाच्या आणि आमच्या मधे उभ्या राहिल्या.  पुरुषांना त्यांना बाजूला कसं सारायचं ते कळेना, कारण त्यांच्यात प्रत्येकाच्या घरचं कुणी ना कुणी होतं.

आम्ही पुरुषांच्या दारानं बाहेर पडलो. बिरप्पानं माझा हात धरला होता, रस्त्यात, सगळ्यांदेखत.  तो म्हणाला, "मला वाटलं व्हतं, तू कवाच येणार न्हाईस." मी म्हटलं, मलाही तसंच वाटत होतं. मग आम्ही स्टेशनाकडं चालायला लागलो.

६

जेऊरला घर खरंच बारकं होतं. बिरप्पाच्या लोकांनी आम्हाला पंगतीला घेतलं नाही, पुढं त्याची बहीण मायाक्का एकदा ताक घेऊन आली, मग हळूहळू येणं-जाणं सुरू झालं. मी लोकर कातायला शिकले. आम्ही भांडायचोही. नऊ वर्षं कुजबुजत काढल्यावर मोठ्यानं भांडण्यात काय सुख असतं ते मला तिथं कळलं. त्या घरात मला कधी काही दिसलं नाही, ऐकू आलं नाही. कुठं ओल आली नाही. सोलापुरात जे बघितलं ते भीतीच्या भरात बघितलं असेल, असं मी स्वतःला सांगत असे, आणि दिवसा ते पटायचंही.

पुढच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी अण्णा आला. बिरप्पा मेंढरं घेऊन रानात होता. अण्णा एकटाच, काठी टेकत आला आणि अंगणाच्या कडेला उभा राहिला. वाळला होता. मी कोयता हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले. त्यानं कोयत्याकडं बघितलंही नाही.

नागम्मा कशी आहे विचारलं. माहेरी गेली म्हणाला, परत येणार नाही असं सांगून गेली. मग काठीनं अंगणातली माती उकरत राहिला.

"विहीर उपसली मी," तो शेवटी म्हणाला. "तळापतोर. गाळ काढला."

मी उंबऱ्यातच उभी होते.

"रिकामी हाय. हाड न्हाय, बांगडी न्हाय, काय न्हाय." त्याचा आवाज खाली गेला. "मी तितंच हुतो त्या दिवशी. आपल्या अप्पांनी मला काठाव उभा केला हुता, कोण येतंय का बघायला. मी बघितलंय. ती तितं असायलाच पायजे." मग त्यानं वर बघितलं. "शिवम्मा, ती तुझ्यासंगं आली का?"

मला ठाऊक नव्हतं. घरात काही नाही हे मी त्याला सांगू शकले असते, आणि तो कदाचित शांत मनानं परत गेला असता. मी त्याला तो दिलासा दिला नाही.

"व्हय," मी म्हटलं. "हितंच हाय. आन् आता तिला कुणी कुटं न्हेणार न्हाय."

अण्णाची नजर माझ्या तोंडावरून सरकली. माझ्या खांद्यावरून पलीकडं, घराच्या आत गेली आणि तिथंच ठरली. त्याचे ओठ हलले. काठी हातातून पडली, ती त्यानं उचलली नाही. तो तसाच मागं मागं, आमच्याकडं तोंड करून, अंगणातून बाहेर गेला आणि बांधावरून दिसेनासा झाला.

माझ्या मागं घर शांत होतं. मी वळून बघितलं नाही. घर माझं होतं, आणि त्यात कोण राहील ते मी ठरवलं होतं. कोयता भिंतीला टेकवला आणि आत न बघताच मोठ्यानं विचारलं, "जेवलीस का?"